कुंदाताईंची पिशवी

"बघा, बघा सगळ्यांनी," असं म्हणत यांनी कुंदाताईंची पिशवी करंगळीला अडकवून वर धरली. आश्रमाच्या ओट्यावर चहा घेत बसलेले परिक्रमावासी माना उंचावून पाहू लागले. "पावणेतीन किलो. मूठभर इकडे नाही की तिकडे नाही. एवढ्यावर ही बाई अख्खी परिक्रमा करतेय."

मग यांनी माझी सॅक उचलली. उचलली म्हणजे उचलल्यासारखं केलं, कमरेला हात लावला आणि परत खाली ठेवली. "आणि ही आमच्या घरची गाडी. हिला बैलच जुंपायला पाहिजेत."

सगळे हसले. नाशिकचे एक गृहस्थ होते, ते चहा सांडेपर्यंत हसले. कुंदाताई तेवढ्या हसल्या नाहीत, आणि मला सगळ्यात जास्त राग त्यांचाच आला. हसल्या असत्या तर निदान भांडता तरी आलं असतं.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. हे आमच्या भागातल्या साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. उसाची गाडी काट्यावर चढायच्या आधी नुसती बघून हे आकडा सांगायचे, आणि तो शंभरात नव्वद वेळा बरोबर निघायचा. निवृत्त झाल्यावर समोर गाड्या राहिल्या नाहीत, पण सवय राहिली. घरात आलेली भाजी, पाहुण्याची बॅग, शेजारणीचं तान्हं पोर, काहीही हातात आलं की हे डोळे मिटून तोलायचे आणि आकडा सांगायचे. नर्मदेची परिक्रमा करायची ठरली तेव्हाही यांनी आधी वजनाचाच विचार केला. माणसाला जगायला फार थोडं लागतं, बाकी सगळं ओझं, असं हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला लागले. स्वतःसाठी खांद्याला अडकवायची एक शबनम घेतली. तिच्यात एक पंचा, एक धोतर आणि आरतीचं पुस्तक. मला भाच्याची डोंगरात न्यायची सॅक दिली. तू बाईमाणूस आहेस, तुला चार वस्तू जास्त लागणारच, असंही मोठ्या मनानं म्हणाले.

ओंकारेश्वरला आम्ही संकल्प सोडला. गुरुजींनी माझ्या पदराची आणि यांच्या उपरण्याची गाठ मारली आणि दोघांनी मिळून एका लहान बाटलीत मैयाचं पाणी भरलं. परिक्रमेत ही बाटली म्हणजेच मैया. सकाळ-संध्याकाळ तिची पूजा करायची, जिथे काठ लागेल तिथे थोडं पाणी नदीत ओतायचं आणि थोडं नवीन भरून घ्यायचं. असं करत करत ओंकारेश्वरचा एक तरी थेंब शेवटपर्यंत आत राहतो. नवरा-बायकोचा संकल्प एकत्र असला तर बाटलीही एकच. ती यांच्या गळ्यात असायची, भगव्या कापडाच्या थैलीत.

दक्षिण तटावरून समुद्रापर्यंत आम्ही बरे चाललो. हे पुढे, मी मागे. पण मी मागे पडले की हे थांबायचे, एखाद्या दगडावर बसून वाट बघायचे आणि मी पोचले की उठून परत पुढे व्हायचे. मला दम खायला मिळायचा नाही, पण थांबलेला माणूस दिसायचा. मला तेवढं पुरत होतं.

उत्तर तटावर महेश्वरच्या घाटावर कुंदाताई भेटल्या. वऱ्हाडातल्या, अंगणवाडीत नोकरी करून नुकत्याच मोकळ्या झालेल्या. सडसडीत, काळ्यासावळ्या, हातात काठी आणि पाठीला ती पिशवी. ओंकारेश्वरहून एकट्याच चालत होत्या. कपाळ बोडकं, गळाही मोकळा. बिचारी विधवा दिसते, असं मी मनाशी ठरवून टाकलं. चालताना दागिना नको म्हणून मीही माझं मंगळसूत्र घरी ठेवून आले होते, घामानं टिकली माझीही टिकत नव्हती, पण ते काही मला त्या वेळी सुचलं नाही.

पहिल्या दिवशी मला त्यांची कीव आली. दुसऱ्या दिवशी हे त्यांच्याबरोबर चालू लागले आणि कीव गेली.

कुंदाताईंची चाल यांच्या चालीला जुळली. दोघं पुढे जायचे, मी मागून त्यांच्या पाठी बघत चालायची. त्यांच्या पाठीवर ती एवढीशी पिशवी हलायची, आणि यांचा हात बोलता बोलता हवेत फिरायचा. घरी जेवताना चार वाक्यं न बोलणारा हा माणूस तिथे काय बोलत होता देव जाणे. मी एकदा विचारलंही. ऊस, कारखाना, मैया, असंच आपलं, असं हे म्हणाले. ऊस आणि कारखाना मी बत्तीस वर्षं ऐकत होते, त्यात एवढे हातवारे करण्यासारखं काही नव्हतं. आता हे वाटेत दगडावर बसून थांबेनासेही झाले. मी मुक्कामाला पोचायची तेव्हा दोघांचे पाय धुऊन झालेले असायचे.

कुंदाताई यांना भाऊ म्हणायच्या, हे त्यांना ताई. लोकांना सांगायला ते ठीक होतं. माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या त्या झोंबतच होत्या. हे सकाळी मिशी विंचरतात हे माझ्या तिथेच लक्षात आलं. पूर्वीपासून विंचरत असतीलही, पण मी ते महेश्वरनंतर पाहिलं.

आणि उठता बसता ती पिशवी. ताईंकडे बघ. ताईंना काही लागत नाही. ताई वाळूतसुद्धा झोपतात. मला आधी त्या पिशवीचा हेवा वाटला आणि मग त्या बाईचा. शेवटी मी ठरवलं की आपणही हलकं व्हायचं. एका गावात माझी एक जास्तीची साडी एका म्हातारीला दिली. लोणच्याची बरणी आश्रमाच्या स्वयंपाकघरात ठेवली. माझी शाल एका बाळंतिणीच्या अंगावर घातली, तेव्हा हे कुंदाताईंना रस्ता दाखवत होते, त्यांनी पाहिलंच नाही. फणी मोडून अर्धी ठेवली. एवढं करूनसुद्धा सॅक पाठीवर घेतली की होती तेवढीच. हे हात लावून बघायचे आणि म्हणायचे, "अजून काही उतरलं नाही हं."

संध्याकाळी मुक्कामाला पोचलं की मी सॅक उघडायची आणि हे हात पुढे करायचे. इतकी वर्षं सवयीचं झालेलं. हात दिसला की मी काढून द्यायची.

बडवाह मागे टाकल्यावर एक ओढा लागला. पाणी घोटाभरच, पण गोटे शेवाळलेले. कुंदाताई काठी टेकत उतरल्या आणि पाय सटकून खाली बसल्या. त्यांना फारसं लागलं नाही. पण त्यांच्याकडची मैयाची बाटली काचेची होती, औषधाची जुनी. ती गोट्यावर आपटली आणि फुटली.

पाणी ओढ्यात मिसळून गेलं. कुंदाताई कापडाच्या ओल्या थैलीत हात घालून काचा चाचपत राहिल्या. बाटली फुटली तर दुसरी भरून घ्यावी असं काही जण म्हणतात, संकल्प तिथेच तुटला असं काही जण म्हणतात. कुंदाताई दुसऱ्या मताच्या होत्या. चार महिने चालून आलेली ती धीराची बाई भर ओढ्यात बसून लहान पोरासारखी रडायला लागली.

यांनी गळ्यातली थैली सोडली. मागून येणाऱ्या नाशिकच्या गृहस्थांकडून पाण्याची एक रिकामी बाटली मागून घेतली, आणि आमच्या बाटलीतलं निम्मं पाणी तिच्यात ओतलं.

"घ्या ताई," हे म्हणाले. "ओंकारेश्वरचंच आहे. तुमचा संकल्प तुटला नाही."

मी चार पावलांवर उभी होते. त्यांनी माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. दिलं याचं मला काही नव्हतं. तहानलेल्याला पाणी द्यावं आणि रडणाऱ्याला धीर द्यावा, एवढं मलाही कळतं. पण ते पाणी आम्ही दोघांनी भरलं होतं, पदराला गाठ मारून. त्यातलं निम्मं माझं होतं. मला एका शब्दानं विचारलं असतं तर मी स्वतःच्या हातानं ओतलं असतं, कदाचित जरा कमी, पण ओतलं असतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आता त्या बाटलीत मी, हे आणि ती, असं मला वाटायला लागलं. त्या दिवशी मुद्दाम इतकी मागे राहिले की दोघं दिसेनासे झाले, आणि दिसेनासे झाले म्हणून आणखी जळत चालले.

त्या मुक्कामाच्या पुढे जयंती मातेचं जंगल सुरू होणार होतं. सकाळी आश्रमाच्या महाराजांनी अंगणात सगळ्यांना बसवून वाट समजावली. चढ-उतार वाईट आहेत, वस्ती तुरळक आहे, दुकान नाही, तेव्हा ओझं कमी ठेवा, जास्तीचं इथेच सोडा, मागून येणाऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडेल. ज्यांना झेपणार नाही त्यांच्यासाठी सडकेनं जीप जाणार आहे, त्यात लाज नाही. लाज नसेलही, पण जीपमध्ये बसलं की पायी परिक्रमा तिथे संपली, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं.

यांनी माझ्या सॅककडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"अंजना, तू असं कर," हे म्हणाले. "तू जीपनं पुढे ये. आम्ही जंगल उतरून तुला तिकडे भेटतो."

"आम्ही म्हणजे कोण?"

"मी आणि ताई."

किती सरळ उत्तर दिलं त्या माणसानं. काट्यावर आकडा सांगावा तसं.  समुद्रापर्यंत जाऊन, बोटीतून ओकाऱ्या काढत पलीकडे येऊन, दोन वेळा पायांची नखं काळी करून मी जे चालत आले होते, ते या एका वाक्यानं जीपमध्ये बसणार होतं. आणि यांच्या शेजारी त्या चालणार होत्या.

"माझ्या सामानावरच अडलंय ना?" मी म्हणाले. "मग ते आत्ता कमी करते. बघा सगळ्यांनी."

अंगणात सतरंजी होती, तिच्यावर मी सॅक पालथी केली. रडायचं नाही एवढंच ठरवलं होतं. कुंदाताई उठून माझ्याजवळ येऊन बसल्या. त्या का आल्या कोण जाणे, मला तर त्यांना ढकलून द्यावंसं वाटत होतं. त्यांनी एक एक वस्तू उचलून बाजूला लावायला सुरुवात केली.

"हे घोंगडं कोणाचं जी, वहिनी?"

"यांचं."

"हे दोन स्वेटर?"

"यांचेच. एक उन्हात वाळत असला की दुसरा."

कानटोपी, मफलर. गुडघ्याला बांधायचे पट्टे. चोळायच्या तेलाची बाटली. इसबगोलचा डबा. दाढीचं सामान आणि त्याचा आरसा. चपलांचा दुसरा जोड. बातम्या ऐकायचा लहान रेडिओ. पितळी तांब्या, कारण यांना प्लास्टिकमधलं पाणी गळ्याखाली उतरत नाही. कुंदाताई विचारत होत्या आणि मी यांचं, यांचं म्हणत होते. सुरुवातीला मी रागानं म्हणत होते. मग माझाच आवाज मला वेगळा ऐकू यायला लागला. एवढे महिने पाठीवर वागवलं, पण सगळं एका ठिकाणी मांडून मीही कधी पाहिलं नव्हतं.

सगळ्यात शेवटी उशी निघाली. खरीखुरी, कापसाची, अभ्रा घातलेली.

"उशीबी?" कुंदाताई म्हणाल्या.

"त्याशिवाय झोप लागत नाही."

माझा ढीग लावायला वेळच लागला नाही. एक साडी, झंपर-परकर, टॉवेल, अर्धी फणी, सुईदोरा.

कुंदाताईंनी तो ढीग पाहिला आणि हळूच विचारलं, "अन् थंडीचं काय पांघरता?"

"पदर," मी म्हणाले.

 नाशिकच्या गृहस्थांना राहवलं नाही. त्यांनी सतरंजीवरच्या मोठ्या ढिगाकडे बोट करून विचारलं, "बाबाजी, किती भरेल हो?"

यांनी आकडा सांगितला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच. हे खाली बसले, घोंगडं उचललं, ठेवलं, तांब्या उचलला, ठेवला. कान लाल झाले होते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, हे त्यांना दुसऱ्या कुणी सांगायची गरज उरली नव्हती.  मला त्यांची थोडी दया आली, पण तोंडावर येऊ दिली नाही.

"हे एवढं मी घ्यायला सांगितलं होतं?" त्यांनी हळू विचारलं.

"सांगितलं नव्हतं. रोज मागत होता."

मग महाराज म्हणाले, बाबाजी, यातलं काय सोडता? यांनी रेडिओ बाजूला काढला. चपला काढल्या. एक स्वेटर काढून माझ्या मांडीवर ठेवला. उशी हातात घेतली, बराच वेळ घेऊन बसले, आणि परत सॅकमध्ये घातली. तेव्हा मात्र मला हसू आलं. स्वभावाला औषध नाही.

सॅक भरून झाली तेव्हा मी ती उचलायला वाकले नाही. हे माझ्याकडे बघत राहिले. मी महाराजांकडून एक जुनी कापडी पिशवी मागून घेतली, माझा ढीग तिच्यात घातला आणि स्वेटर अंगात चढवला. मग यांच्याजवळ जाऊन गळ्यातली बाटलीची थैली काढून घेतली आणि माझ्या गळ्यात घातली.

"ही आता माझ्याकडे राहील. पुन्हा कुणाला द्यायची झाली तर मला विचारायचं."

यांनी मान हलवली आणि सॅकच्या पट्ट्यांत हात घातले. पहिल्या वेळी तोल गेला, दुसऱ्या वेळी उभे राहिले. नर्मदे हर म्हणून सगळे निघाले.

जंगलात पायवाट एका माणसापुरती होती. मी इतकी हलकी झाले होते की पाय आपोआप पडत होते. वर चढून वळणावर पाहिलं तर माझ्या पुढे कुणी नव्हतं आणि मागे कुंदाताई होत्या. माझा राग अजून पुरता गेला नव्हता. त्यांनी माझं काम केलं होतं, पण पाणी घेतलं होतं ते घेतलंच होतं. त्यांच्याही ते मनात असावं.

"पानी तुमचंबी होतं, वहिनी," त्या म्हणाल्या. "भाऊंनी वतलं तवाच मी तुमच्याकडे पाह्यलं होतं. पन मले इतकं रडू येत होतं का बोलताच आलं नाही. वापस घ्याचं असंन तं घ्या."

आता कशाला, मी म्हणाले. मिसळलेलं पाणी वेगळं कसं करणार? तुम्हीच नीट सांभाळा. एवढं बोलल्यावर मला बरं वाटलं, आणि बऱ्या मनानं मी त्यांना म्हणाले की एकट्या बाईला फार अवघड जात असेल, मालक जाऊन किती वर्षं झाली?

कुंदाताई थांबल्या. "कुठं जाऊन?"

"म्हणजे... वारून."

"काहून वारतीन ते? घरी हायेत. चांगले धडधाकट हायेत." त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "तेबी येतो म्हनत होते परिक्रमेले. मी सामान भरू लागली. त्यांचं भरता भरता थैली भरली, अन् माह्या एका लुगड्यापुरतीबी जागा राह्यली नाही. तवा मी म्हनलं, तुम्ही घरीच राहा जी. तुमच्या वाटचं मीच चालून येतो."

 ज्या बाईची मी कीव केली, जिच्यावर जळफळले, तिचा मला त्या क्षणी खराखुरा हेवा वाटला, पोटातून. मग कुठून तरी हसू फुटलं. कुंदाताईही हसायला लागल्या. झाडाला हात टेकून आम्ही दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो, आणि दम गोळा करून पुन्हा चालायला लागलो. मग त्यांनी त्यांच्या मालकांच्या चार गोष्टी सांगितल्या, मी यांच्या सांगितल्या, आणि वाट कशी सरली ते कळलं नाही.

बऱ्याच वेळानं मागून यांचा आवाज आला. हे बरेच मागे होते, सॅकखाली वाकलेले, तोंड लाल झालेलं.

"तुमचं दोघींचं एवढं काय चाललंय?"

तो आवाज मी लगेच ओळखला. महेश्वरपासून तो माझ्याच पोटात होता. कुंदाताईंनीही ओळखला असावा, कारण त्या खाली बघून चालू लागल्या. 

"अंजना," हे पुन्हा म्हणाले, या वेळी जरा खालच्या आवाजात. "जरा माझ्याबरोबर चाल की."

लग्न झाल्यापासून हे पुढे आणि मी मागे. लवकर ये, मागे राहू नकोस, हे मी हजार वेळा ऐकलं होतं. माझ्याबरोबर चाल, हे त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. मला ते इतकं गोड लागलं की मी थांबलेच नाही. आणखी एकदा म्हणतील म्हणून तशीच पुढे चालत राहिले.